स्वभावाला औषध नाही

'स्वभावाला औषध नाही' असे आपण एखाद्याविषयी म्हणतो तेव्हा विषय तिथेच संपवलेला असतो. तो असाच, त्याचे काही होणार नाही, त्याच्या वाटेला जाऊ नये, एवढे सगळे त्या तीन शब्दांत येते. पण काही माणसांच्या बाबतीत शास्त्रज्ञ गेली साठ वर्षे अक्षरशः स्वभावावर औषध शोधत आहेत. मेंदूतले अमुक रसायन कमी आहे, तमुक जास्त आहे, ते जागेवर आणले की माणूस बदलेल, अशी त्यामागची आशा. ही माणसे म्हणजे ऑटिझम असलेली. त्या शोधाचे काय झाले, आणि माणसाला चांगला-वाईट ठरवण्याच्या आपल्या सवयीबद्दल त्यातून काय कळते, याचा आज थोडा विचार करू या.

ऑटिझम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लहान मूल येते. पण मुले मोठी होतात. चाळिशीतला, साठीतला ऑटिस्टिक माणूस आपल्यातच वावरत असतो. पुष्कळदा त्याला स्वतःलाही हे ठाऊक नसते, कारण त्याच्या लहानपणी आपल्याकडच्या डॉक्टरांच्या तोंडीही हे नाव क्वचितच असे. तो मिस्सेला येतो आणि शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतो. बोलताना आपल्या डोळ्यांत पाहत नाही. लग्नाच्या मांडवात बँड सुरू झाला की न जेवता निघून जातो. 'काय, कसे काय?' विचारले तर गप्प. पण रेल्वेच्या वेळापत्रकाविषयी विचारा, अर्धा तास सांगेल. गायनमंडळ बेसूर गायले तर बाहेर आल्यावर ते गायनमंडळालाच ऐकवील. मयताच्या घरी त्याच्या डोळ्यांत पाणी दिसत नाही. मग आपण त्याला नावे देतो. माणूसघाणा, गर्विष्ठ, दगड, आईने डोक्यावर बसवलेला. ही वर्णने वाटतात, पण यांतले प्रत्येक नाव म्हणजे एक निवाडा आहे. गर्व हे तर आपल्या धर्मशिक्षणात सात प्रमुख पापांपैकी पहिले.

खुद्द नावातही निवाडा डोकावतो. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ऑटिझम हा शब्द घडवला, तोही वेगळ्याच मानसिक आजाराच्या संदर्भात. मराठीत त्याचे 'स्वमग्नता' झाले. शब्द दिसायला सुबक आहे, पण आपल्या कानांना तो कसा लागतो? स्वतःत मग्न असलेला, म्हणजे दुसऱ्याचा विचार न करणारा. ज्याला आवाज, वास, गर्दी इतरांहून कितीतरी जास्त टोचते, जो स्वतःत मग्न नसून आजूबाजूच्या माऱ्याने बेजार झालेला असतो, त्याला आपण स्वमग्न म्हणतो. या लेखात म्हणूनच आम्ही ऑटिझम हाच शब्द ठेवला आहे.

निवाड्यांचा इतिहास बराच क्रूर आहे. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि ऑटिझमला आजचा अर्थ आला. हे जन्मजात असावे असे त्यांनी त्याच लेखात म्हटले होते. पण मुलांचे आईवडील त्यांना थंड वाटले, आणि पुढे १९४९ मध्ये त्यांनी अशा घरांना रेफ्रिजरेटरची उपमा दिली. ती उपमा चिकटली. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने तिला आणखी बळ दिले. आईने प्रेम दिले नाही म्हणून मूल असे झाले, हे कितीतरी वर्षे वैद्यकशास्त्र म्हणून सांगितले जात होते. रात्र रात्र जागणाऱ्या आया डॉक्टरांच्या खोलीतून अपराधी होऊन बाहेर पडत. या समजाला १९६४ साली पहिला मोठा धक्का दिला तो बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. मग १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडांना ऑटिझम होता. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत तसे एकही उदाहरण नव्हते. आकडे लहान, पण दिशा स्पष्ट होती. मूळ आईच्या मायेत नसून रक्तातून येणाऱ्या घडणीत होते. खुद्द कॅनर यांनी १९६९ साली पालकांच्या मेळाव्यात त्यांना जाहीरपणे निर्दोष ठरवले. शरीरविज्ञानाचे आपल्यावर हे मोठे उपकार आहेत. 'हे सगळे रसायनांवर ढकलतात' अशी तक्रार करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी त्या आयांची आठवण ठेवावी.

आता रसायनांकडे वळू. १९६१ साली असे आढळले की काही ऑटिस्टिक मुलांच्या रक्तात सेरोटोनिन नावाचे द्रव्य जास्त असते. पुढच्या अभ्यासांतही साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शातील व्यक्तींत ते जास्त निघाले. हेच द्रव्य मेंदूतही झोप, चिंता, मनःस्थिती यांच्याशी जोडलेले असते, त्यामुळे किल्ली सापडली असे वाटले. परंतु रक्तातले सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. रक्तात ते वाढलेले असण्याचा मेंदूच्या दृष्टीने अर्थ काय, हे कोडे पुरते सुटलेले नाही. १९८०च्या दशकात ते कमी करणारे फेनफ्लुरामीन हे औषध मुलांना देऊन पाहिले. आशा फोल ठरली, आणि हृदयाच्या झडपांना इजा होते असे दिसल्यावर १९९७ साली ते औषध बाजारातूनच काढून घेण्यात आले. २००९ मध्ये १४९ मुलांवर सिटॅलोप्रामची चाचणी झाली. तीच ती कृती पुन्हापुन्हा करण्याची सवय कमी होण्यात औषध आणि नुसती खोटी गोळी यांत फरक पडला नाही. त्याआधी १९९८ च्या सुमारास सिक्रेटिन या संप्रेरकाचा गाजावाजा झाला होता; पुढच्याच वर्षीच्या चाचणीत तोही विरला. मग आले ऑक्सिटोसिन, ज्याला वर्तमानपत्रांनी 'प्रेमाचे रसायन' असे नाव दिले. २०२१ साली २९० मुला-मुलींवर चोवीस आठवडे चाललेल्या चाचणीत नाकात फवारलेले हे प्रेम आणि साधा फवारा यांचा परिणाम सारखाच निघाला. प्रौढांसाठी बालोव्हाप्टन नावाचे औषध तपासले गेले. त्याची चाचणी निष्फळ म्हणून मध्येच थांबवली आणि २०२२ मध्ये तसे प्रसिद्ध झाले.

एवढी यादी मुद्दाम दिली. कारण 'मेंदूत केमिकल लोचा आहे' हे वाक्य आता सिनेमामुळे घराघरांत गेले आहे आणि ते ऐकायला फार सोपे वाटते. ऑटिझमच्या मागे एक रसायन नाही. त्याच्याशी शेकडो जनुकांचा संबंध आढळतो, आणि मेंदूतल्या जोडण्या बाळ पोटात असतानाच वेगळ्या रीतीने होऊ लागतात. मेंदूला चेतवणारी आणि शांत करणारी द्रव्ये यांचा तोल वेगळा असावा, हा २००३ पासून चर्चेत असलेला विचार आजही तपासला जात आहे. चिंता, झोप, चिडचिड यांवर डॉक्टर जी औषधे देतात त्यांचा अनेकांना उपयोग होतो, ती कुणी आपल्या मनाने बंद करू नयेत. परंतु ती त्या त्रासावरची औषधे आहेत, माणूस बदलण्याची नव्हेत. आणि लाखो रुपये घेऊन ऑटिझम 'बरा' करणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. मूलपेशींच्या उपचाराची ऑटिझमसाठी शिफारस करता येत नाही, असे भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ साली सांगितले आहे.

तर मग स्वभाव म्हणजे काय? मानसशास्त्रज्ञ स्वभाव पाच मापांनी मोजतात: मिळून-मिसळून राहणे, इतरांशी जुळवून घेणे, कामातला नेटकेपणा, नव्याची ओढ आणि मनाची अस्वस्थता. प्रश्नावली भरून घेतली की ऑटिस्टिक प्रौढ सरासरीने अस्वस्थतेत वर आणि बाकीच्यांत खाली येतात, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. हे ऐकून 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो' असे कुणी म्हणेल. पण त्या प्रश्नांकडे पाहा. दहा माणसांत रमता का, असे विचारले तर ज्याला दहा जणांचा एकत्र आवाज कानात खिळ्यासारखा रुततो तो 'नाही' म्हणेल. त्याचे माणसांवर प्रेम नाही असा त्याचा अर्थ लावायचा का? शिवाय साधारण निम्म्या ऑटिस्टिक प्रौढांना स्वतःच्या भावना ओळखणे आणि शब्दांत सांगणे जड जाते. छातीत काहीतरी दाटले आहे एवढे कळते, पण ते दुःख की राग की भीती, हे उमगत नाही. मयताच्या घरी कोरड्या डोळ्यांनी बसलेला माणूस आणि दुःख न झालेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात.

बाहेरून दिसण्याचीच गोष्ट २०१७ साली नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. ऑटिस्टिक आणि इतर प्रौढांच्या बोलण्याच्या काही सेकंदांच्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. ऑटिस्टिक माणसे अवघडलेली वाटतात, त्यांच्याशी बोलायला, त्यांच्या शेजारी राहायला आवडणार नाही, असे लोकांनी ठरवून टाकले, तेही काही सेकंदांत. मग दुसऱ्या लोकांना त्याच माणसांचे तेच बोलणे फक्त कागदावर लिहून वाचायला दिले. भेद नाहीसा झाला! म्हणजे माणूस काय बोलतो याला कुणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती त्याच्या आवाजाच्या पट्टीला, मानेच्या वळणाला, नजर कुठे आहे याला. आम्हांला या अभ्यासाने बराच वेळ स्वस्थ बसू दिले नाही. शेजाऱ्यावर प्रीती करावी हे आपण दर रविवारी ऐकतो. शेजारी कोण हे मात्र आपण काही सेकंदांत, त्याच्या हातवाऱ्यांवरून निवडत असतो.

याहून विचार करायला लावणारे दोन प्रयोग आहेत. २०११ साली केइसे इझुमा आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात लोकांना दान करायला सांगितले, कधी कुणी पाहत असताना तर कधी एकटे असताना. आपल्यासारख्या माणसांनी कुणी पाहत असले की जास्त दान केले. ऑटिस्टिक प्रौढांच्या दानावर पाहणाऱ्याचा काही परिणाम झाला नाही. पर्वतावरील प्रवचनात प्रभूने दानाविषयी, ते लोकांना दिसावे म्हणून करू नये असे जे शिकवले, ते आपल्याला जन्मभर जमत नाही. देणगीदारांच्या फरशीवर नाव बारीक अक्षरांत आले म्हणून रुसलेले लोक कुणाला माहीत नाहीत? आणि इथे काही माणसांना ते सहज जमते. दुसरा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. वाईट कामाला हातभार लावला तर पैसे मिळणार होते. इतर लोक कुणाच्या देखत ते पैसे कमी वेळा घेत, एकांतात जास्त वेळा. ऑटिस्टिक व्यक्ती मात्र एकांतातही ते नाकारत. गंमत अशी की संशोधकांनी याचे वर्णन नैतिक नियमांना फार ताठरपणे धरून राहणे, परिस्थितीनुसार न बदलणे, असे केले, आणि त्यावर पुष्कळांनी टीका केली. कुणी पाहत नसताना लाच न घेणे हे लक्षण ठरले! तोच गुण एखाद्या मामलेदाराने दाखवला असता तर आपण त्याचा सत्कार केला असता.

इथे आपल्या प्रश्नाची खरी गाठ आहे. एखाद्याचा दोष रसायनावर टाकला तर त्याचा गुणही रसायनावर टाकावा लागतो. आणि मग तिथे थांबता येत नाही. आपल्या मनमिळाऊपणालाही रसायन आहे. आपण पाहुण्याला हसून 'या, बसा' म्हणतो तेव्हा आपल्याही मेंदूत काही द्रव्ये स्रवत असतातच; ते हसू आपल्याला फुकट मिळालेले आहे. ज्याला ते मिळालेले नाही तो दर वेळी मनात मोजून, आठवून, कष्टाने हसतो. पुण्याचा हिशोब मांडायचाच झाला तर कुणाच्या खात्यात जास्त जमा होईल?

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात हा भेद करून ठेवला आहे. शरीराच्या घडणीमुळे काही माणसे जन्मतःच एखाद्या सद्गुणाकडे अधिक झुकलेली असतात, काही कमी, असे ते मान्य करतात. मात्र असा नैसर्गिक कल म्हणजे पूर्ण सद्गुण नव्हे. माणूस बुद्धीने आणि इच्छेने त्या कलाचे काय करतो त्यातून सद्गुण घडतो. जनुके आणि सेरोटोनिन यांविषयी त्या काळी कुणाला काही माहीत नव्हते, तरी ही मांडणी आजही उपयोगी पडते. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही कृत्याची जबाबदारी अज्ञान, भीती, सवय आणि इतर मानसिक कारणांनी कमी होऊ शकते, कधी नाहीशीही होते, असे सांगितले आहे. 'कमी होऊ शकते' म्हणजे नेहमीच होते असे नव्हे.

हे सांगणे गरजेचे आहे, कारण आपण दुसऱ्या टोकालाही पटकन जातो. निदान कळले की कालचा गर्विष्ठ माणूस आज 'देवाचे लेकरू' होतो. पन्नाशीच्या माणसाला आपण 'बाळा' म्हणू लागतो, त्याच्या समोरच त्याच्याविषयी त्याच्या बहिणीशी बोलतो. हा दयेच्या वेषातला दुसरा निवाडा आहे. ऑटिस्टिक माणूस देवदूत नाही. तो खोटे बोलू शकतो, हट्ट करू शकतो, घरच्यांना आपल्या दिनक्रमाला जुंपून त्यांचा जीव मेटाकुटीला आणू शकतो. त्याच्या बोलण्याने सून रडली तर सुनेचे दुःख खरे आहे. मेंदू वेगळा आहे म्हणून तिने सगळे गिळावे, हा न्याय नाही. मग करायचे काय? त्याला ते सरळ शब्दांत सांगायचे. टोमणा नको, तोंड फुगवून बसणे नको, 'तुला कळायला हवे होते' तर मुळीच नको. 'तुम्ही काल असे बोललात, त्याने तिला दुखावले, माफी मागा.' बहुधा तो मागतो, आणि मनापासून मागतो. न मागितली तर ते त्याचे चुकले, इतर कुणाचे चुकते तसेच. पापनिवेदनाला येणाऱ्या अशा माणसालाही आपला विवेक आहे हे धरूनच चालले पाहिजे. उलट काहींना आपल्या बारीकसारीक चुकांचे ओझे इतके होते की नियम कुठे संपतो हे धर्मगुरूंनी त्यांना स्पष्ट सांगावे लागते.

कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला होता डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावात १९३३ साली जन्मला. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला चौथे वर्षही पूर्ण व्हायच्या आत एका संस्थेत ठेवले होते; वर्षभराने आईवडिलांनी घरी परत आणले. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, घरच्यांचा वाटा असलेल्या गावच्या बँकेत कितीतरी वर्षे नोकरीला होता, गोल्फ शिकला, मोटार चालवू लागला, एकट्याने देशोदेशी फिरला. तो माणसांना आकडे देई, ओळखीच्या लोकांवर रबर बँड मारी. गावाने ते चालवून घेतले, शाळेतल्या काही सोबत्यांनी जन्मभर सोबत केली, आणि त्याच्याविषयी विचारत आलेल्या पत्रकारांना गावकऱ्यांनी, त्याला त्रास दिलात तर खबरदार, असे बजावले होते. २०२३ साली ८९ व्या वर्षी तो गेला. घर सुखवस्तू होते हे खरे, आणि गरिबाघरच्या मुलाला ते दिवस असे गेले नसते. पण त्याच्या मेंदूतले कोणतेही रसायन कुणी बदलले नव्हते.

आपल्याकडे आईवडील थकले की पहिला प्रश्न येतो: आमच्यामागे याचे कोण? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे आणि अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती करते. ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी आईवडील हयात असतानाच अर्ज करावा. २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्याखालील दाखलाही काढून ठेवावा. कागदपत्रांत अडणाऱ्यांना सोबत करायला आपल्या वाडीतल्या कुणा निवृत्त शिक्षकाने वा बँकवाल्याने वेळ दिला तर बरे होईल.

आणि देवळात? २०१४ च्या नोव्हेंबरात ऑटिझमविषयक परिषदेला व्हॅटिकनमध्ये जमलेल्यांना दिवंगत पोप फ्रान्सिस भेटले होते, तेव्हा या कुटुंबांचा एकाकीपणा तोडण्यावर त्यांनी भर दिला. आपल्यापुरते बोलायचे तर सकाळच्या पहिल्या मिस्सेला ध्वनिक्षेपकाचा आवाज थोडा कमी ठेवता येईल. दाराजवळचे शेवटचे बाक ज्याला लागते त्याला राहू द्यावे, स्वयंसेवकांनी 'पुढे या, पुढे जागा आहे' असा आग्रह धरू नये. शांती देताना आपल्याकडे हात जोडण्याची रीत आहेच. समोरच्याने आपल्याकडे न पाहता हात जोडले तरी ते आपल्यालाच जोडलेले आहेत.